भोक असलेलं टेबल

यवतमाळ जिल्ह्यात लाकूड मिळणं ही अडचण नाही. मिळालेलं लाकूड आपलंच आहे हे सिद्ध करणं ही अडचण आहे. स्वतःच्या धुऱ्यावरचं, स्वतःच्या आजोबांनी लावलेलं सागाचं झाड तोडायचं म्हटलं तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी काढावी लागते आणि तोडलेलं लाकूड घरी आणायला वाहतुकीचा परवाना वेगळा. म्हणून आमच्याकडचा पापभीरू माणूस जुन्या सागावर जीव टाकतो. पडक्या वाड्याची चौकट, मोडक्या पलंगाची पाटी, कोनाड्यातली फळी, काहीही. वाटणीत शेताचं एकदाचं ठरून जातं, पण माजघराचं दार कोणी न्यायचं यावर सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. त्यात २०२३ साली शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूर डेपोतलं सागवान वाजतगाजत अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं. तेव्हापासून प्रत्येकाला आपल्या माळ्यावरची फळी त्याच खानदानातली वाटू लागली आहे.

अशी फळी घरात पडून असली की पन्नाशी उलटलेल्या पुरुषाच्या अंगात विश्वकर्मा येतो. रोज येत नाही. वर्षातून एकदा, पोळ्याच्या तोंडावर येतो.

विदर्भाबाहेरच्या वाचकांना हे समजावून सांगायला हवं. श्रावणातल्या अमावस्येला खऱ्या बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी पोराबाळांचा तान्हा पोळा. चाकं लावलेल्या पाटावर लाकडाचा बैल उभा, अंगावर झूल, गळ्यात माळा, शिंगांना बेगड, आणि दोरी पोराच्या हातात. पोरगं बैल ओढत घरोघर जातं, घरातली बाई बैलाला ओवाळते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. पूर्वी बोजारा म्हणून नाणं मिळायचं. आता दहाची नोट दिली तर पोरगं ती उलटून दुसरी चिकटली आहे का ते पाहतं. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर एवढ्या मोठ्या नंद्यांसाठी प्रसिद्ध आहे की दोरीला पोराऐवजी बापांची फौज लागावी. बाकी ठिकाणी वॉर्डावॉर्डात सजावटीच्या स्पर्धा असतात. स्पर्धा मुलांची असते. निकालावर भांडतात ते आजोबा.

आता बैल स्वतः घडवणं हे हौशी माणसाच्या कुवतीबाहेरचं काम आहे. वशिंड, पोळी, नाकाडाचा उतार हे सगळं वाढयाच्या हातात असतं, आपल्या हातात नाही. हौशी माणसाने घडवलेल्या बैलाला झूल जरा लांबच घालावी लागते, इतकंच सांगतो. म्हणून शहाण्या माणसांनी तोडगा काढलेला आहे. बैल बाजारातून आणायचा. त्याखालचा पाट, चाकं आणि मागची कमान घरी करायची, आणि लोकांना सांगायचं, 'घरीच केला.'

बाजारातल्या पाटाच्या कडा करवतीने कापल्या तशाच असतात. नातवाच्या पाटाची कड गोल हवी, कमानीवर गलत्याची रेघ हवी, असं एकदा डोक्यात शिरलं की माणूस कानस-पॉलिशपेपरवर थांबत नाही. पूर्वी वाढयाच्या पेटीत यासाठी गोल्याचा एक, गलत्याचा एक, खाचेचा एक असे वेगवेगळे रंधे असत. आता हा सगळा खटला एकटा राउटर चालवतो. मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेणारी मोटर, तिच्या तोंडात बिट. ज्या आकाराचं बिट, त्या आकाराची कड. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे ट्रीमर, जो सनमायकाच्या कडा साफ करायला प्रत्येक मिस्त्रीच्या पिशवीत असतो. साधा दोन-अडीच हजारांत, नामांकित कंपनीचा पाच-सहा हजारांत. पाव इंची दांड्याचं बिट घेतो, वजनाला दीड-दोन किलो. पोळ्याच्या पाटाला एवढा पुष्कळ झाला.

ट्रीमर घरात आला की गोष्ट संपायला हवी. तिथे ती सुरू होते. पाट मोठा असतो. तो टेबलाला क्लॅम्पने आवळायचा आणि ट्रीमर वरून फिरवायचा. पण चाकाचं काय करणार? तळहाताएवढं चाक क्लॅम्पने धरलं तर ट्रीमरला क्लॅम्प आडवा येतो आणि हाताने धरलं तर बोटं आडवी येतात. म्हणून सगळा मामला उलटा करायचा. यंत्र टेबलाखाली उलटं टांगायचं, बिट भोकातून वर काढायचं आणि लाकूड त्याच्यावरून सरकवायचं. यालाच म्हणतात राउटर टेबल. म्हणजे टेबल, त्याला एक भोक. या भोकाची किंमत बाजारात पाच हजारांपासून सुरू होते आणि पुढे कुठे थांबते हे घरात सांगण्यासारखं नाही.

मी दत्त चौकाकडच्या एका हार्डवेअरच्या दुकानात विचारलं.

"राउटरचं टेबल आहे का?"

"वायफायच्या? त्याले टेबल कायले पाह्यजे गुरुजी, भितीले ठोका ना."

"लाकूडकामाचं. मधात भोक असते ते."

पोराने क्षणभर विचार केला. "टेबल देतो, भोक पाडून देतो. साइज सांगा."

आत गल्ल्यावर त्याचे वडील बसले होते. त्यांनी चष्मा वर केला. "गुरुजी, घरी टेबल नाई का तुमच्या?"

"हाय ना."

"मंग भोक घरीच पाडा. बिट आमच्याइथून न्या."

यवतमाळचा व्यापारी स्वतःच्या नुकसानीचं खरं इतक्या सहज बोलून जातो की ऐकणाऱ्याला त्यात काहीतरी डाव असावा असंच वाटतं. शिवाय तोवर मी मोबाईलवर एवढी टेबलं पाहिली होती की घरच्या टेबलाला भोक पाडणं हा मला त्या सगळ्या टेबलांचा अपमान वाटायला लागला होता.

मोबाईलवरची टेबलं चालवणारा माणूस बहुधा अमेरिकेतला असतो. त्याचं गॅरेज आपल्या घराहून मोठं. त्यात गाडी सोडून सगळं. तो मेपल आणि वॉलनटबद्दल बोलतो, त्याच्या मागे भिंतीवर साठ-सत्तर क्लॅम्प टांगलेले असतात आणि तो 'अगदी बजेटमधलं' म्हणून जे टेबल दाखवतो त्याच्या किमतीत इथे सागाचा दिवाण होतो, गादीसकट. त्याच्या टेबलाला ॲल्युमिनियमचे रूळ असतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत सरकणारी गाइड असते आणि बिट वरखाली करायला हँडल फिरवायची 'लिफ्ट' असते. लिफ्ट टेबलाहून महाग. तिकडचे गरीब लोक म्हणे लिफ्टऐवजी मोटारीचा जॅक लावतात. तिकडचा गरीब आणि इकडचा गरीब यांच्यात एक जॅक तरी सारखा आहे, हे पाहून बरं वाटलं.

भाचा न्यू जर्सीत असतो. तो म्हणाला, "मामा, इथे सेलमध्ये सेट मिळतो, राउटर आणि टेबल एकत्र. दिवाळीत येताना आणतो." दिवाळी पोळ्यानंतर येते हे सोडून देऊ. खरी गोम अशी की तिकडचं यंत्र १२० व्होल्टचं आणि आपल्या भिंतीत २३०. मधे ट्रान्सफॉर्मर न लावता जोडलं तर ते एकदाच चालतं, पण फार जोरात चालतं. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो राउटरहून जड. आणि विमानात तेवीस किलोंच्या बॅगेत कास्ट आयर्नचं टेबल घालून आणणारा भाचा अजून कोणत्याच बहिणीला झालेला नाही.

राहता राहिली इकडे ऑनलाइन मिळणारी स्वस्त टेबलं. त्यांतली बरीचशी दाबलेल्या पत्र्याची. वरचा पत्रा मधोमध किंचित खाली बसलेला असतो आणि यंत्र सुरू झालं की सगळं टेबल मिळून गातं. ज्याला टेबल घ्यायचंच आहे त्याने एक करावं. स्टीलची फूटपट्टी टेबलावर उभी धरावी, मागे ट्यूबलाइट असावी आणि डोळा पट्टीच्या कडेला लावावा. पट्टीखालून उजेड दिसला की टेबल गेलं. फळी मधे खाली झुकली की बिट तिथे कमी खातं, पाटाची कड एका टोकाला गोल होते, दुसऱ्या टोकाला विचारात पडते. बाकी सगळ्या सोयी नंतर लावता येतात. सपाटी नंतर लावता येत नाही.

एमडीएफच्या टेबलांची गोष्ट निराळी. दुकानात ती कमालीची सपाट असतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेली फळी. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा तिला काही होत नाही. पण आपण ती वापरणार कधी? श्रावणात. गच्चीवरच्या पत्र्याखाली, झड लागलेली असताना, जेव्हा घरातलं मीठही ओलं असतं. ज्या कडांना सनमायका नाही, ज्या भोकाच्या आतल्या बाजूला काहीच लावलेलं नाही, तिथून ती पाणी पिते आणि फुगते. पाणी प्यायलेला एमडीएफ पुन्हा उन्हात ठेवला तरी पूर्वपदावर येत नाही. आपला साग मात्र पावसाळ्यात थोडा फुगतो, उन्हाळ्यात थोडा आवळतो आणि शंभर वर्षं दार म्हणून उभा राहतो. पण सागाची फळी टेबलाला वापरायची कोणाची छाती आहे? ती तर पाटासाठी ठेवली आहे.

अखेर ॲल्युमिनियमच्या एका देखण्या टेबलावर बोट ठेवून मी घरात अंदाजपत्रक मांडलं. वीस हजारांच्या पुढे. सौभाग्यवतीचं माहेर दारव्ह्याचं. तिने तूर निवडता निवडता मान वर न करता विचारलं, "वर्षातून एक बैल, अन् त्याले वीस हजाराचा गोठा?"

अंदाजपत्रक फेटाळलं गेलं.

त्याच सुमारास स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या बसवायला आमच्याकडे मिस्त्री आले होते. त्यांनी माझा ट्रीमर हातात घेतला, मागचं-पुढचं पाहिलं, आणि माझ्या मोबाईलवरचा तो गॅरेजवाला अमेरिकन थोडा वेळ फार आदराने पाहिला. मग म्हणाले, "सायेब भारी हाय. पन याले धंदा नाई दिसत."

ट्रॉलीतून उरलेला अठरा मिलिमीटरचा प्लाय होता, दोन फूट बाय दीड फुटाचा तुकडा, वर सनमायका. मिस्त्रींनी त्यात मधोमध एक खिडकी कापली. थेट प्लायलाच भोक का नाही पाडलं? कारण ट्रीमरचं बिट मुळात तोकडं. अठरा मिलिमीटर प्लायमध्येच संपलं तर वर यायला काय उरणार? म्हणून त्या खिडकीत पातळ पण ताठ असं काहीतरी बसवावं लागतं. मोबाईलवाले लोक त्यासाठी ॲल्युमिनियमची खास प्लेट विकतात. मिस्त्रींनी मला नेमप्लेटवाल्याकडे पिटाळलं. डॉक्टर-वकिलांच्या पाट्या करणाराकडे सहा मिलिमीटर ॲक्रेलिकचे तुकडे पडलेले असतात. मला मिळालेला तुकडा कोणा वकिलाच्या बिघडलेल्या पाटीचा होता, नाव कापून टाकलेलं. मिस्त्रींनी खिडकीच्या काठाला बरोबर सहा मिलिमीटरची पायरी केली, पाटी तीत बसवली, नखाने काठ चाचपला, एका कोपऱ्याखाली कागदाची घडी घातली, पुन्हा चाचपलं. ट्रीमरच्या तळाची प्लास्टिकची चकती काढली, तिचीच भोकं पाटीवर आखून घेतली आणि स्क्रूची डोकी पाटीत बुडवून यंत्र खाली टांगलं. अजूनही टेबलाखाली वाकून पाहिलं तर मोटरच्या शेजारी उलट्या अक्षरांत 'भेटण्याची वेळ : सायं. ६ ते ९' दिसतं. मोठ्या, चार-पाच किलोंच्या राउटरला ॲक्रेलिक चालत नाही, लवतं, ट्रीमरला चालतं.

मग मी गाइडचा विषय काढला. रूळ, स्केल, बारीक फिरकी, सगळं.

"टेबलाच्या कडेले समांतर ठेवाले लागते ना ती?" मी विचारलं.

"काहून?"

"म्हणजे... सरळ येण्यासाठी."

मिस्त्रींनी एक सरळ पट्टी टेबलावर तिरपी टाकली, एक टोक क्लॅम्पने आवळलं. "करवतीचं पातं लांब रायते, थे समांतर लागते. हे बिट तं गोल हाय. पट्टी कशीही तिरपी असली तरी बिटापासून तिचं अंतर तेवढंच. जास्त खाच पाह्यजे तं हे टोक मांगं ढकला, कमी पाह्यजे तं पुढं. झालं."

मी एक कागद घेऊन त्यावर वर्तुळ आणि रेघ काढून पाहिली. गणित बरोबर होतं. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवून मला ज्या गोष्टीची किंमत सात हजार वाटत होती, ती त्यांनी एका पट्टीत आणि दोन क्लॅम्पमध्ये उरकली. पट्टीच्या मधोमध बिटापुरती खाच पाडली की संपलं. मात्र लाकूड बिट आणि पट्टी यांच्या फटीत कधी घालायचं नाही. तसं घातलं की ते हातातून हिसकून बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. लाकूड नेहमी उजवीकडून डावीकडे सरकवायचं, म्हणजे बिट त्याला पट्टीकडे दाबतं आणि आपल्या हाताला थोडा विरोध करतं. उलट दिशेने नेलं तर बिटच लाकूड ओढून घेतं. "विरोध करते थे चांगलं," मिस्त्री म्हणाले, "ज्या दिवशी बिट तुमाले मदत कराले लागन, त्या दिवशी हात काढून घ्या." चाकासारखे बारके तुकडे दुतर्फी टेपने एका मोठ्या ठोकळ्याला चिकटवायचे आणि ठोकळा धरायचा. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवायचा. आमच्याकडे उन्हापावसात तो गळ्यातच असतो आणि तीस हजार फेऱ्यांना दुपट्टा एकदाच पुरतो.

आता राहिली वीज. या बाबतीत मात्र मिस्त्री आणि मोबाईलवाले दोघेही गप्प असतात, आणि यवतमाळात तीच खरी बाब आहे. ट्रीमरचं बटण सरकवून अडकवायचं असतं. बोट काढलं तरी ते चालूच राहतं. काम करता करता लाइन गेली. आपण वैतागून चहा प्यायला खाली आलो. तासाभराने लाइन आली, आणि वर गच्चीवर, कोणी नसताना, उलटं टांगलेलं बिट तीस हजारांनी फिरायला लागलं. नातू तिथेच घुटमळत असतो, कारण बैल त्याचा आहे. शेतकऱ्याच्या पंपाचं बरोबर याच्या उलट असतं. लाइन रात्री-बेरात्री येते, म्हणून तो पंपाला ऑटो स्विच लावतो. महावितरण दरवर्षी ते काढा म्हणून विनवतं आणि कोणी काढत नाही. सुताराला हवा तो स्विच असा की लाइन गेली की पडला पाहिजे आणि पुन्हा माणसाने हाताने दाबल्याशिवाय उठता कामा नये. असा स्विच पिठाच्या गिरणीचं किंवा मोटरचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. टेबलाचा तो एकच भाग मी नवा, पूर्ण किमतीला घेतला, आणि घरातून त्याला विरोध झाला नाही.

जुन्या सागाबद्दल एक सांगायला हवं, कारण ते मोबाईलवर कोणी सांगत नाही. आजोबांच्या दाराच्या फळीत खिळे असतात. वरून दिसत नाहीत, डोकी कधीच गंजून गेलेली. बिट त्यावर गेलं की ठिणगी पडते आणि बिटाचा एक दात कायमचा जातो. जुन्या स्पीकरमधला चुंबक दोरीला बांधून फळीवरून फिरवला की तो जिथे थबकतो तिथे खिळा. पितळेचा खिळा असला तर चुंबकाला कळत नाही, पण आमच्या पूर्वजांनी दाराला पितळ वापरण्याइतकी उधळपट्टी केल्याचा पुरावा निदान माझ्या माळ्यावर नाही. शिवाय सागात वाळूसारखा सिलिका असतो, तो साध्या पोलादी बिटाची धार थोड्याच वेळात उतरवतो. धार उतरलेलं बिट लाकूड कापत नाही, जाळतं. पाटाच्या कडेवर काळे डाग आणि घरभर वास. कार्बाइडचंच बिट घ्यावं. आणि तोंडाला मास्क. सागाचा भुसा नाकात गेला की शिंका थांबत नाहीत, आणि तो फुप्फुसात साठवण्यासारखा पदार्थ नाही.

असा सगळा हिशेब मांडून माझं मत सांगतो. ज्याला वर्षाकाठी एखादा पाट, चार चाकं, एखादी फोटोफ्रेम करायची आहे त्याने राउटर टेबल विकत घेऊ नये. प्लायचा सपाट तुकडा, ॲक्रेलिकची पाटी, एक सरळ पट्टी, दोन चांगले क्लॅम्प. काम झालं की ते टेबल उचलून पलंगाखाली जातं, जे ॲल्युमिनियमचं जात नाही. वाचलेल्या पैशांतून चार-पाच बरी कार्बाइड बिटं घ्यावीत. पंचवीस बिटांची लाकडी पेटी घेऊ नये, तिच्यातली वीस बिटं पेटीतच म्हातारी होतात. ज्याचं रोजचं काम आहे, ज्याला दारं-खिडक्या करायच्या आहेत, त्याने अर्ध्या इंचाच्या दांड्याचा मोठा राउटर आणि जड टेबल घ्यावं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा हिशेब त्याला लागतो. आमच्या गल्लीतून, खड्डे चुकवत, दोरीला बांधून ओढत न्यायच्या बैलाला लागत नाही.

आणि पोळ्याला आठवडाच उरला असेल तर यातलं काहीही करू नका. पावसाळी हवेत पॉलिश वाळायला तीन-चार दिवस जातात आणि ओल्या पॉलिशवर झुलीचे धागे चिकटतात. बाजारात बैल पाटा-चाकांसकट मिळतो.